बाळंतिणीचा ताप उतरत नसेल तर काय करायचं

बाळंतिणीला ताप आला की घरोघरी एकच उत्तर तयार असतं: दूध चढलंय. नाशिकला प्रसूती वॉर्डात सिस्टर आहे, त्यामुळे हे मी सारखं ऐकते. छाती दाटून ताप येतो हे खरं, पण तो साधारण दिवसभरात उतरतो. त्यापुढेही टिकला किंवा १००.४च्या वर जाऊ लागला, तर कारण शोधायलाच हवं. टाके, लघवी, छाती, गर्भाशयातला संसर्ग हे डॉक्टर आधी बघतातच. एक कारण मात्र लवकर हाती लागत नाही: ओटीपोटातल्या शिरेत धरलेली, जंतुसंसर्ग झालेली रक्ताची गुठळी.

गरोदरपणात रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि बाळंतपणानंतरही काही आठवडे तशीच राहते. गर्भाशयाभोवतीच्या फुगलेल्या शिरांत रक्त संथ झालेलं असतं. त्यात संसर्ग पोचला की शिरेला आतून सूज येते आणि गुठळी धरते. असं क्वचित होतं, पण सीझरनंतर त्याचं प्रमाण जास्त.

घरच्यांनी करायचं ते एवढंच की एक वही घालायची. दर चार तासांनी काखेत थर्मामीटर, आकडा, वेळ. थंडी वाजली की मधेही एकदा. पॅरासिटामॉल कधी दिली ते वेगळं लिहा आणि ताप गोळी देण्याआधी मोजा, नाहीतर वहीत गोळीने उतरवलेला ताप दिसेल. निफाड, दिंडोरीकडे थंडीत बाजेखाली शेगडी असते, अंगावर दोन गोधड्या असतात. शेक घेतल्यावर लगेच मोजलेला आकडा धरू नका. शेगडी बाजूला करून अर्धा तास थांबा. आणि ‘शेकाने अंग तापलंय’ म्हणून ताप मोजायचा सोडूही नका.

ही वही का, ते सांगते. या दुखण्यात दोन तापांच्या मध्ये बाई चांगली दिसते. उठते, जेवते, बाळाला पाजते. संध्याकाळी हुडहुडी भरते, पारा १०३वर जातो, आणि सकाळी राउंडला डॉक्टर येतात तेव्हा अंग गार. सकाळचीच बाई बघितली तर संध्याकाळचा ताप कुणाला कळणार?

शिरेतून अँटिबायोटिक सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले तरी ताप चढत असेल, तर वही पुढे करून सरळ विचारा: “डॉक्टर, ओटीपोटातल्या शिरेत गुठळी असेल का?” असं विचारण्यात कुणाचा अपमान नाही. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून विषय संपत नाही. आतड्यातल्या वायूमुळे खोलच्या शिरा तिच्यात नीट दिसत नाहीत. डाय देऊन केलेला सीटी किंवा एमआरआय लागतो. कधी त्यातही गुठळी दिसत नाही, तेव्हा डॉक्टर एकूण लक्षणांवरून उपचार ठरवतात. पेठ-सुरगाण्याकडच्या घरांना तर मी म्हणेन, गावात वाट बघत बसू नका. सीटी आणि फिजिशियन दोन्ही असतील तिथे हलवा.

काही जणींना ओटीपोटात एका बाजूला, बहुतेकदा उजवीकडे, दुखतं आणि कळ कमरेपर्यंत जाते. अपेंडिक्स वाटावं असं. अशा वेळी मालीशवाल्या बाईला पोटाला हात लावू देऊ नका. एकच पाय सुजला असेल तर तोही चोळायचा नाही. आणि धाप लागली, श्वास घेताना छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर गुठळी फुफ्फुसात गेलेली असू शकते. त्याच मिनिटाला १०८ लावा.

उपचार म्हणजे अँटिबायोटिक चालू ठेवून जोडीला रक्त गोठू न देणारं हेपॅरिनचं इंजेक्शन. पोटाच्या कातडीखाली सुई टोचताना बघून सासवा घाबरतात, “आता अंगावरचं दूध बंद करू का?” विचारतात. करू नका. हेपॅरिन दुधात उतरत नाही. बाकीच्या औषधांचं डॉक्टरांना विचारून घ्या. मात्र अंगावरून जास्त जायला लागलं किंवा टाक्यांतून रक्त आलं तर लगेच सांगा.

बाळंतिणीचं पाणी तोडायची रीत मला अजिबात मान्य नाही. तिला भरपूर पाणी द्या, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की दिवसातून चार वेळा खोलीत चालवा. ताप गेला म्हणून इंजेक्शनं मनाने थांबवू नका. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. पुन्हा दिवस राहिले तर पहिल्याच तपासणीला ते डॉक्टरांना दाखवायचंय.