लिनक्सवर ड्रॉइंग टॅबलेटचा ड्रायव्हर लिहिताय? आधी या चुका टाळा

टॅबलेट यूएसबीला जोडला की कर्सर हलतो, क्लिकही होते, पण क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघ सगळीकडे एकाच जाडीची उमटते. पेन कितीही दाबले तरी तिच्यात फरक पडत नाही. लिनक्सला अनोळखी असलेल्या टॅबलेटची पहिली भेट बहुधा अशीच होते, आणि याच क्षणी अनेक जण कर्नलचा कोड उघडून बसतात. पेनाच्या टोकापासून कॅनव्हासपर्यंत दाबाची माहिती टॅबलेटचे फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्राम), कर्नलमधला एचआयडी (कीबोर्ड, माऊस, पेन अशा यंत्रांचा; इंग्रजी उच्चारात ‘हिड’) ड्रायव्हर, डेस्कटॉपला इनपुट पुरवणारी लिबइनपुट ही लायब्ररी आणि शेवटी चित्रकलेचे सॉफ्टवेअर अशा चार हातांतून जाते. दाब यांपैकी नेमका कोठे गळतो हे ठरवण्यापूर्वी कोडची एकही ओळ लिहू नये. हिड-रेकॉर्डर यंत्राने पाठवलेले कच्चे बाइट दाखवते, इव्हटेस्ट कर्नलने त्यांचा लावलेला अर्थ दाखवते आणि ‘लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स’ हा आदेश त्यापुढे काय पोहोचले ते दाखवतो. कच्च्या बाइटांतच दाबाचा आकडा बदलत नसेल, तर क्रिताच्या सेटिंग्जमध्ये घालवलेली संध्याकाळ फुकट गेली असे समजावे.

उत्पादकाचा ड्रायव्हर आणि कर्नलचा ड्रायव्हर एकाच वेळी

काही उत्पादक लिनक्ससाठी स्वतःचा प्रोग्राम देतात. तो यंत्राचा ताबा थेट घेतो आणि यूइनपुट या कर्नलच्या सोयीद्वारे एक आभासी टॅबलेट उभा करतो. तो पार्श्वभूमीवर चालू असताना कर्नल ड्रायव्हरची चाचणी घेतली, तर दिसणारे परिणाम कोणाचे आहेत हे सांगता येत नाही. चाचणीपूर्वी तो पूर्णपणे काढून टाकावा; नुसता बंद करणे पुरत नाही, कारण पुढच्या लॉगिनला तो पुन्हा सुरू होतो.

आयडीवरून मॉडेल ओळखणे

जोडलेली यूएसबी यंत्रे दाखवणाऱ्या एलएसयूएसबी आदेशाच्या यादीत वॅकॉमची यंत्रे ०५६ए या उत्पादक क्रमांकाने दिसतात आणि तेथे आयडीवरून मॉडेल ओळखणे बहुतांशी सुरक्षित असते. स्वस्त टॅबलेटांच्या जगात हा नियम मोडतो. २५६सी:००६ई हा एकच आयडी हुइऑनच्या अनेक मॉडेलांनी वापरला आहे, त्यामुळे आयडी पाहून रुंदी आणि बटणांची संख्या कोडमध्ये पक्की लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या टॅबलेटचे वाटोळे करण्यासारखे आहे. कर्नलमधला हिड-यूसीलॉजिक हा ड्रायव्हर, ज्याच्यामागे डिजिमेंड प्रकल्पाचे काम आहे, शक्य तेथे ही मापे यंत्रालाच विचारतो. नवा ड्रायव्हर लिहिण्यापूर्वी हा कोड वाचावा. अनेकदा आपल्या टॅबलेटसाठी त्याच्या यादीत एक ओळ वाढवण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

कॅप्चर उशिरा सुरू करणे

असे अनेक स्वस्त टॅबलेट सुरुवातीला मुद्दामच साध्या वेषात वावरतात, म्हणजे ड्रायव्हर नसला तरी कर्सर हलावा इतपतच माहिती देतात. पूर्ण रिझोल्यूशन आणि खरा दाब मिळवण्यासाठी त्यांना एक ठरावीक विनंती करावी लागते. यूसीलॉजिक घराण्यातील, म्हणजे वरच्या ड्रायव्हरने चालणाऱ्या, बऱ्याच यंत्रांमध्ये ती विनंती म्हणजे केवळ २०० क्रमांकाचा स्ट्रिंग डिस्क्रिप्टर (यंत्राने स्वतःबद्दल दिलेली एक नोंद) वाचणे. वाचण्याची क्रियाच कळ दाबल्यासारखी काम करते, हे कोणी सांगितल्याशिवाय सुचणे कठीण आहे.

ही विनंती शोधण्यासाठी आभासी यंत्रात विंडोज चालवून, बाहेरच्या लिनक्सवर यूएसबीमॉन हे कर्नल मॉड्यूल आणि वायरशार्क हा प्रोग्राम यांनी यूएसबीवरची वाहतूक टिपतात; या टिपणालाच कॅप्चर म्हणतात. माझी पहिली तीन कॅप्चर निरुपयोगी ठरली, कारण मी आधी टॅबलेट जोडत होतो आणि मग वायरशार्क सुरू करत होतो. तोवर विंडोजच्या ड्रायव्हरने बोलणे उरकलेले असायचे आणि माझ्या हाती फक्त पेनाच्या हालचालींचे हजारो पॅकेट लागायचे. कॅप्चर आधी सुरू करावे, केबल नंतर लावावी.

याच चुकीचे एक जुळे भावंड आहे. टॅबलेट एकदा पूर्ण रूपात आला की वीज तुटेपर्यंत पुष्कळदा त्याच रूपात राहतो. मॉड्यूल काढून पुन्हा भरले आणि सर्व काही चालले, म्हणून सुरुवातीचा कोड बरोबर आहे असे मानू नये. तो कोड कदाचित चालतही नसेल. प्रत्येक चाचणीपूर्वी केबल उपसावी. तसेच लॅपटॉप झोपवून उठवून पाहावा, कारण झोपेत वीज गेलेला टॅबलेट पुन्हा साध्या वेषात परततो. हिड-यूसीलॉजिक म्हणूनच जागे होताना यंत्राची सुरुवातीची प्रक्रिया पुन्हा करतो.

बाइटांचा क्रम आणि रुंदी

वरील स्ट्रिंग डिस्क्रिप्टरच्या उत्तरातच टॅबलेटची मापे असतात. १० इंच रुंद आणि सव्वासहा इंच उंच क्षेत्राचा, इंचाला ५०८० रेषांचा टॅबलेट घेतला, तर पहिले दोन बाइट सोडून पुढचे तीन ‘७० सी६ ००’ असे येतात. कमी वजनाचा बाइट आधी हा क्रम लक्षात घेतला की ही संख्या ५०८०० होते, म्हणजे बरोबर १० गुणिले ५०८०. क्रम उलटा धरून पहिले दोनच बाइट वाचले, तर २८८७० मिळतात. हा आकडा दिसायला अगदी शक्य कोटीतला असल्यामुळे शंका येत नाही आणि कर्सर मात्र टॅबलेटच्या मध्याच्या थोडे पुढेच पडद्याच्या कडेला जाऊन थांबतो. पुढचे तीन बाइट ‘०६ ७सी ००’ म्हणजे ३१७५०, मग ‘एफएफ १एफ’ म्हणजे दाबाची कमाल ८१९१ आणि शेवटी ‘डी८ १३’ म्हणजे ५०८०. पहिल्या दोन आकड्यांना या चौथ्या आकड्याने भागून पाहावे. भागाकार पट्टीने मोजलेल्या इंचांशी जुळला, तरच पुढे जावे.

तीन बाइट कशाला, हा प्रश्न मोठ्या टॅबलेटवर सुटतो. दोन बाइटांत ६५५३५ पर्यंतच संख्या मावतात आणि ५०८० च्या हिशेबाने तेरा इंचांच्या जरा आतच त्या संपतात. अशा यंत्रांच्या अहवालात, म्हणजे पेनाची स्थिती सांगणाऱ्या पॅकेटात, वरचा बाइट बाकीच्या दोन बाइटांना लागून न येता पार शेवटी, दाबाच्या नंतर, येतो. तो न जोडल्यास पेन उजव्या कडेजवळ जाताच कर्सर टुणकन डावीकडे उडी मारतो. हे लक्षण पाहून केबल बदलणारे लोक मी पाहिले आहेत.

भौतिक माप न देणे

इव्हटेस्टमध्ये दाब उत्तम दिसतो, पण डेस्कटॉपला टॅबलेट दिसतच नाही, अशी तक्रार असेल, तर रिपोर्ट डिस्क्रिप्टर, म्हणजे अहवालातल्या बाइटांचा अर्थ सांगणारे वर्णन, तपासावे. लिबइनपुटला दोन्ही अक्षांचे रिझोल्यूशन लागते. ते शून्य असेल, तर ‘मिसिंग टॅबलेट कॅपॅबिलिटीज’ अशी ओळ नोंदवून लिबइनपुट यंत्राकडे दुर्लक्ष करते. कर्नल हे रिझोल्यूशन तार्किक कमाल, भौतिक कमाल, एकक आणि एककाचा घातांक यांवरून काढतो. वरच्या उदाहरणात भौतिक कमाल १००००, एकक इंच आणि घातांक उणे ३ दिला, तर १० इंच होतात आणि मिलिमीटरला २०० हे उत्तर येते. घातांक विसरला, तर कर्नलच्या दृष्टीने टॅबलेट २५४ मीटर रुंद ठरतो, भागाकार शून्यावर उतरतो आणि दोष मात्र बिचाऱ्या लिबइनपुटला लागतो.

पेन जवळ असल्याचा बिटही नीट पाहावा. काही यंत्रांत तो उलटा असतो आणि काहींत पेन उचलल्याचा अहवालच येत नाही. दुसऱ्या प्रकारात काही काळ अहवाल न आल्यास पेन दूर गेले असे ड्रायव्हरलाच मानावे लागते. हिड-यूसीलॉजिक त्यासाठी १०० मिलिसेकंदांचा टायमर लावतो.

मॉड्यूल बांधले, पण चढलेच नाही

डीकेएमएसने (प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बांधणाऱ्या साधनाने) बांधलेले मॉड्यूल चालत नसेल, तर प्रथम चालू कर्नलचीच हेडर्स बसवली आहेत का ते पाहावे, मग सिक्युअर बूट (स्वाक्षरी नसलेला कोड चढू न देणारी सोय) चालू आहे का ते पाहावे. स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे म्हणून नाकारले जाते. अशा वेळी मोकयूटिल या आदेशाने स्वतःची स्वाक्षरीची किल्ली नोंदवावी. दुरुस्ती केवळ डिस्क्रिप्टरपुरती असेल, तर कर्नल ६.३ पासून आलेल्या एचआयडी-बीपीएफचा (चालू कर्नलमध्ये छोटा प्रोग्राम चढवून यंत्राची माहिती दुरुस्त करण्याच्या सोयीचा) विचार आधी करावा, कारण त्यात मॉड्यूल बांधण्याची गरजच उरत नाही.

वेलँड या नव्या डिस्प्ले प्रणालीवर एक्ससेटवॅकॉम हा टॅबलेटच्या सेटिंग्जचा आदेश चालवून काही होत नाही म्हणून ड्रायव्हर मोडला आहे, असे समजू नये. तो आदेश एक्स सर्व्हर या जुन्या डिस्प्ले प्रणालीच्या वॅकॉम ड्रायव्हरशी बोलतो. वेलँडवर बटणांची आणि क्षेत्राची मांडणी डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये असते आणि तेथे बटणांचे चित्र व मांडणी नीट दिसण्यासाठी लिबवॅकॉम या टॅबलेटांची माहिती ठेवणाऱ्या लायब्ररीला त्या मॉडेलची फाइल लागते. ती चाचणीसाठी ‘ईटीसी’खालच्या लिबवॅकॉम फोल्डरमध्ये ठेवावी, टॅबलेट काढून पुन्हा जोडावा आणि ‘लिबवॅकॉम-लिस्ट-लोकल-डिव्हायसेस’ या आदेशाच्या उत्तरात त्याचे नाव येते का ते पाहावे.