सोलापुरात टिन व्हिसल शोधायची, तर दुकानात काय मागायचं?

भाचीनं फोनवर आयरिश धून ऐकली आणि "मामा, मला टिन व्हिसल पाहिजे" म्हणून हट्ट धरला. मी भजनी मंडळात बासरी वाजवतो, त्यामुळे काम माझ्याकडेच आलं. नवी पेठेत एका दुकानात नाव घेतलं, तर समोर आली कवायतीची शिट्टी. दुसऱ्या दुकानात शाळेतला प्लास्टिकचा रेकॉर्डर.

म्हणून नाव सांगू नका, वाद्याचं वर्णन करा: "पत्र्याची किंवा पितळेची, सरळ तोंडात धरून फुंकायची, पुढं सहा भोकं, डी पट्टीची." मागं अंगठ्याचं भोक दिसलं, की तो रेकॉर्डर. जुन्या दुकानदाराला "अलगुजासारखी" म्हटलं की चटकन कळतं. बहुतेक ठिकाणी "मागवून देतो" असंच उत्तर मिळेल. आगाऊ पैसे देण्याआधी एक बोलून घ्या: खालचा स्वर नीट निघाला नाही तर परत घेणार का?

कारण मी पहिली न फुंकताच घेतली होती. घरी आल्यावर सहाही भोकं झाकली, की खालचा स्वर निघायचाच नाही, नुसती किंचाळी. आता दुकानातच सगळी भोकं झाकून अगदी हलकं फुंकतो. स्वर स्थिर राहिला पाहिजे. मग जोर वाढवला, की तोच स्वर वरच्या सप्तकात जायला हवा. मोबाईलमधलं ट्यूनर अ‍ॅप समोर ठेवा, खालचा स्वर डी दाखवतो का बघा. इंग्लंडच्या रॉबर्ट क्लार्क यांनी १८४३ साली पत्र्याच्या व्हिसल बनवायला सुरुवात केली. त्या नावाच्या आजही मिळतात. मुखाशी लाकडी ठोकळा असलेली त्यांची व्हिसल जरा हवेशीर वाजते, मला तो आवाज फार आवडतो.

बासरीवाल्यांसाठी खरी आनंदाची गोष्ट पुढं आहे. डी पट्टीच्या व्हिसलवर वरची तीन भोकं झाकून येणारा स्वर सा धरा. तो पेटीवरची पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी. सहाही झाकली की खालचा पंचम, सगळी उघडली की तीव्र मध्यम, आणि शुद्ध मध्यमासाठी पहिलं भोक अर्धं झाकायचं. आपल्या बासरीचीच बोटं! भाचीला मी पहिल्याच संध्याकाळी "रूप पाहता लोचनी" बसवून दिलं.

आता लोकवाद्यं. टाळ-पखवाजासाठी पंढरपूर गाठा, सत्तरेक किलोमीटर. टाळ दोरीला धरून कडेवर कड वाजवा. दोन्हींचा नाद सारखा लांबला पाहिजे. संबळ मात्र तुळजापुरातच बघावा. मंगळवार-शुक्रवार टाळून जा, देवीच्या वाराला उभं राहायला जागा नसते. त्याचं एक भांडं चढं म्हणजे उंच स्वराचं, दुसरं ढालं म्हणजे खालच्या स्वराचं. दोन्हींतला फरक कानाला स्वच्छ कळला पाहिजे. घेताना एखाद्या गोंधळ्याला सोबत न्या, ते दोन थापांतच सांगतात. संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सोलापूरच्या जत्रेत, बांबूच्या बासऱ्या काठीला टोचून विकायला येतात. शिकायला ठीक, साथीला नाही.

दिमडी, म्हणजे हातात धरून वाजवायची छोटी डफली, घेताना कातडं कशाचं आहे ते विचारा. पूर्वी घोरपडीचं लावायचे. घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, म्हणून तसली दिमडी स्वस्तात मिळाली तरी हात लावू नका. बकऱ्याच्या कातड्याची किंवा प्लास्टिकची घ्या.

आणि हलगी. कातड्याची पावसाळ्यात सैल पडते, म्हणून वाजवणारे शेकोटीवर धरतात. घेताना दुकानदाराला समोर शेकून दाखवायला सांगा. शेकल्यावरही कडाडली नाही, तर तिथंच ठेवून या.