दुकानासाठी एसईओ कन्सल्टंट शोधताय? आधी या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी मला कुणाचा तरी फोन येतो. "आमच्या जाहिराती बघायचा तो माणूस आता फोनच उचलत नाही." मी विचारते, गूगल अ‍ॅड्सचं अकाउंट कुणाच्या ईमेलवर आहे? आणि पलीकडे शांतता पसरते.

म्हणून हीच चूक आधी सांगते: एसईओ (गूगलच्या शोधात दुकान वर आणण्याचं काम) किंवा जाहिराती बघणाऱ्या कन्सल्टंटच्या नावावर सगळी अकाउंट उघडू देणं. बाकीच्या चुकांमध्ये पैसे जातात, हिच्यात दुकानच अडकतं.

माझंही अडकलं होतं. हाताने शिवलेल्या वह्यांचं आमचं छोटं ऑनलाइन दुकान. पहिली एजन्सी म्हणाली, "तुम्ही कशाला त्रास घेता, सगळं आम्हीच सेट करून देतो." मला केवढा आधार वाटला होता! अ‍ॅड्स, मर्चंट सेंटर (गूगलवर माल दाखवायचं अकाउंट), सर्च कन्सोल (गूगलच्या शोधातून कोण येतं ते दाखवणारं), सगळं त्यांच्या ईमेलवर उघडलं गेलं. जाहिरातीचा खर्च आणि त्यांची फी एकाच बिलात यायची. दीड वर्षाने काम थांबवायचं ठरवलं, तेव्हा उत्तर आलं की अकाउंट त्यांचं आहे आणि ते सोपवण्याचं करारात कुठेही म्हटलेलं नाही. मी करार पुन्हा काढून वाचला. खरंच म्हटलेलं नव्हतं.

निगेटिव्ह कीवर्डची, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही त्यांची, यादी गेली. "वही कशी शिवायची" असं शोधणारा माणूस वही विकत घेत नाही, हे कळण्यासाठी कित्येक महिने फुकटच्या क्लिकचे पैसे मीच भरले होते. कोणत्या क्लिकमधून ऑर्डर आली, याचा इतिहास गेला. ऑटोमॅटिक बोली (क्लिकला किती मोजायचं ते गूगलनेच ठरवणं) त्याच इतिहासावरून शिकते, त्यामुळे नव्या अकाउंटची पाटी कोरी. जाहिरातीवर नेमका किती खर्च झाला, तेही मला कधी कळलं नाही, कारण बिलात आकडा एकच होता.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. दुकानाच्या नावाचा एक वेगळा ईमेल. सगळी अकाउंट त्यावर मी स्वतः उघडते, कन्सल्टंट मिळण्याच्या आधीच. अ‍ॅड्समध्ये कार्ड माझं. कन्सल्टंटने आपल्या मॅनेजर अकाउंटमधून (अनेक ग्राहकांची अकाउंट एकत्र बघायचं अकाउंट) जोडणीची विनंती पाठवायची, मी ती मंजूर करते आणि काम संपलं की जोडणी तोडते. सर्च कन्सोलमध्ये मालक मी, त्यांना 'फुल यूजर', म्हणजे वापर आहे, मालकी नाही. डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं, लॉगिन कुणालाच नाही. डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंगमध्ये) एखादी नोंद घालायची असेल तर ते मजकूर पाठवतात, मी घालते. दहा मिनिटांचं काम आहे. याला कंटाळणारे नवे दुकानदार मला दर वेळी भेटतात, आणि त्यांना समजावताना माझा संयम सुटतो.

आता बाकीच्या चुका. स्वतःचा हिशेब न मांडता माणूस शोधायला निघणं. कन्सल्टंटशी पहिलं बोलणं होण्याआधी एक आकडा वहीत हवा: एका ऑर्डरमागे माल, पॅकिंग, कुरिअर आणि परत आलेल्या पार्सलांचा खर्च वजा जाता हातात काय उरतं. समजा पन्नास क्लिकमागे एक ऑर्डर येते. मग एका क्लिकला त्या उरलेल्या रकमेच्या पन्नासाव्या हिश्श्यापेक्षा जास्त मोजलं की प्रत्येक ऑर्डर तोट्यात. काही मालासाठी क्लिकची जाहिरात परवडतच नाही. प्रामाणिक कन्सल्टंट हे पहिल्याच भेटीत सांगतो, पण त्यासाठी आकडा तुम्ही त्याच्यापुढे ठेवायला हवा.

पहिल्या नंबरच्या हमीला भुलणं. अशी हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गूगलच लिहून सांगतं. हमी ऐकली की मी तिथेच आभार मानून फोन ठेवते.

दोन महिन्यांत माणूस बदलणं. एसईओचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं, हेही गूगलच्याच लोकांनी सांगितलेलं आहे. पहिल्याच महिन्यात विक्री हवी असेल तर ते काम जाहिरातीचं, आणि त्याचे पैसे वेगळे.

घाऊक बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंक, विकत घेणं. गूगलने एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन अपडेट (शोधाच्या क्रमवारीतला बदल) आणलं ते अशाच लिंकांविरुद्ध. तरीही "महिन्याला पाचशे लिंक" असं पॅकेज अजून विकलं जातं आणि अजून घेतलं जातं, याचा मला मनापासून राग येतो. एआयने शेकडो पानं ओतून देण्याचं पॅकेजही त्याच माळेतलं. मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅम धोरणात त्यावर स्वतंत्र कलम आहे.

'डोमेन ऑथॉरिटी' वाढली म्हणून खूश होणं. तो मॉझ या एसईओ सॉफ्टवेअर कंपनीने साइटला दिलेला गुण आहे, गूगलचा नाही.

आता माझी दुसरी दुखरी नस: दुकानाच्याच नावावर आलेली विक्री कन्सल्टंटची कमाई समजणं.

ओळखीच्या एका बाईंनी मला रिपोर्ट दाखवला. जाहिरातीच्या प्रत्येक रुपयामागे भरघोस विक्री, हिरवे बाण, सगळं झकास. पण बँकेतला आकडा वर्षभर तसाच होता. आम्ही शोधशब्दांचा रिपोर्ट उघडला. बहुतेक ऑर्डर दुकानाचं नाव टाइप करणाऱ्यांच्या होत्या. त्यांतले कितीतरी जुने ग्राहक, जे जाहिरात नसती तरी खालच्या फुकटच्या लिंकवरून आलेच असते. शिवाय 'कन्व्हर्जन' (जाहिरातीतून साधलेला परिणाम, इथे विक्री) म्हणून मोजलं होतं ते कार्टमध्ये वस्तू टाकणं. त्या बाई किती तरी वेळ काही बोलल्याच नाहीत. वर्षभर त्यांनी रात्री जागून पार्सलं बांधली होती.

दुकानाच्या नावावर जाहिरात करणं नेहमीच चुकीचं असतं असं नाही. प्रतिस्पर्धी तुमच्या नावावर बोली लावत असेल तर ती गरज असते. पण तो आकडा वेगळ्या ओळीत हवा. परफॉर्मन्स मॅक्स (गूगलची बरीचशी आपोआप चालणारी जाहिरात) चालवत असाल तर त्यात स्वतःचा ब्रँड वगळायची सोय आहे, ती वापरली का ते विचारा. महिन्याच्या एक तारखेला मी सर्च कन्सोल उघडते, दुकानाचं नाव नसलेले शोध तेवढे ठेवणारा फिल्टर लावते आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघते. तिथे सोळा महिन्यांचा डेटा राहतो, तेवढा पुरतो. मग रिपोर्टमधल्या ऑर्डर दुकानाच्या ऑर्डर यादीशी एकेक जुळवते.

थेट वर्षाचा करार करणं. आधी फक्त बघण्याचा अ‍ॅक्सेस द्या आणि पैसे मोजून एक छोटी तपासणी करून घ्या. फुकटचं ऑडिट मी घेत नाही. मला आलेली अशी ऑडिट सॉफ्टवेअरमधून छापलेली होती, त्यात माझ्या दुकानाबद्दल एक वाक्यही नव्हतं. चांगल्या तपासणीत "हे आधी, हे नंतर, हे करूच नका" असं लिहिलेलं असतं. कन्सल्टंटला सोडून गेलेल्या एखाद्या ग्राहकाशीही बोलायला मागा. माझ्या सध्याच्या कन्सल्टंटने तो नंबर लगेच दिला आणि कुठे चुकलं तेही आधीच सांगितलं. मी तिथेच होकार दिला.

निरोप अर्धवट देणं. सर्च कन्सोलमधून नाव काढलं तरी कन्सल्टंटने साइटवर ठेवलेली पडताळणीची फाइल किंवा टॅग तसाच राहिला, तर तो पुन्हा मालक म्हणून आत येऊ शकतो. आधी तो टॅग काढा, मग नाव. अ‍ॅनालिटिक्स, मर्चंट सेंटर आणि साइटच्या अ‍ॅडमिनमधली नावंही त्याच दिवशी काढा.