शुगर स्वतः सांभाळताय? मग या चुका टाळा

मला डायबेटिस होऊन चौदा वर्षं झाली, त्यातली सहा इन्सुलिनवर. ओळखीतलं कुणी ना कुणी अजून फोन करून विचारतंच, शुगर तपासायचं मशीन भलताच आकडा दाखवतंय, बिघडलंय का हो? मशीन बरं आहे, आधी हात धुतले होते का ते सांगा.

माझंच ऐका. मे महिना, नातवंडांना हापूस चिरून दिला, हात फडक्याला पुसले आणि तसंच बोट टोचलं. ३१२! आपल्याला सगळं कळतं या तोऱ्यात डॉक्टरांना न विचारता सहा युनिट इन्सुलिन जास्तीचं घेऊन मोकळा झालो. तासाभरात दरदरून घाम, हात थरथरतायत, बायकोशी काय बोलतोय तेच मला कळेना. तिनं माझा हात धुऊन परत तपासलं तर ५४. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितली, वर आल्यावर मग खायला दिलं. ते ३१२ माझं नव्हतंच, हापूसचं होतं. तेव्हापासून साबणानं धुवून हात कोरडे करतो (सॅनिटायझरवर भागवू नका), आकडा विचित्र आला की दुसऱ्या बोटावर परत बघतो, आणि डोस स्वतःहून किती कमीजास्त केला तर चालेल हे डॉक्टरांकडून वहीत लिहून घेतलंय.

दुसरी चूक, गोळ्यांचा डबा सुनेच्या ताब्यात देऊन निवांत बसायचं. मग लग्नाला गावी गेलं की "ती पांढरी गोळी संपली". अहो, निम्म्या गोळ्या पांढऱ्याच असतात! ग्लिमेपिराईड ही शुगरची गोळी घेऊन एकादशी केलीत तर शुगर धाडकन खाली येऊ शकते, नुसत्या मेटफॉर्मिनवर तेवढी भीती नाही. नावं पाठ करा, उपवासाआधी डॉक्टरांना विचारा.

तपासणीआधी तीन दिवस पथ्य पाळून काही होत नाही, एचबीएवनसी ही रक्ततपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा हिशेब काढते. गूळही साखरच. इन्सुलिन फ्रीजरमध्ये गोठलं की फेकायचं. रोज एकाच जागी टोचलं की गाठ येते.

आणि सिरिंज. इन्सुलिनच्या ४० च्या बाटलीला (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) लाल टोपणाची, १०० च्या बाटलीला केशरी. ४० च्या बाटलीतलं केशरी सिरिंजनं दहाच्या रेघेपर्यंत भरलंत तर अंगात चारच युनिट जातात, आणि मग म्हणायचं इन्सुलिन लागू पडत नाही. मेडिकलवाला घाईत असतो, म्हणून मी काउंटरवरच टोपण बघतो, मागे लाइन कितीही असो.