ताण, रक्तदाब आणि वंश : या विषयावरचे संशोधन कसे वाचावे

अमेरिकेतील कृष्णवर्णीय प्रौढांमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण श्वेतवर्णीयांपेक्षा बरेच अधिक आहे, आणि तो त्यांना कमी वयातच गाठतो. ताण आला की त्यांचा रक्तदाब अधिक उसळतो आणि वर्षानुवर्षांच्या अशा उसळीतून विकार जडतो, असे तर नाही ना, हा प्रश्न संशोधक अनेक दशके तपासत आले आहेत. हाती आलेला एखादा शोधनिबंध 'फरक आढळला' असे म्हणत असेल, तर ते वाक्य तूर्त बाजूला ठेवावे आणि प्रयोग कसा केला हे सांगणारा भाग आधी वाचावा.

त्या भागात पहिल्यांदा पाहायचे ते हे, की ताण नेमका कोणता दिला होता. १९३० च्या दशकापासून रूढ असलेल्या शीतजल चाचणीत व्यक्तीला हात मनगटापर्यंत बर्फाच्या पाण्यात साधारण एक मिनिट बुडवून ठेवायला सांगतात. काही सेकंदांतच गारव्याची जागा ठणका घेतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब चढतो. १९९३ साली जर्मनीतील ट्रियर येथे मांडलेल्या चाचणीत मात्र निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर पाच मिनिटे भाषण करावे लागते आणि नंतर पाच मिनिटे एका मोठ्या संख्येतून तेरा-तेरा वजा करत जावे लागते. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. दोन्हींना 'ताण'च म्हटले जाते, पण पहिल्यात मुख्यतः वाहिन्या प्रतिसाद देतात, तर दुसऱ्यात हृदयाची धडधडही बरीच वाढते. त्यामुळे या दोन प्रकारच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकाच तराजूत घालू नयेत.

दुसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे : दाब कशामुळे वाढला हे मोजले होते का? सरासरी रक्तदाब म्हणजे हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारे रक्त गुणिले रक्तवाहिन्यांचा एकूण अवरोध. समजा, विश्रांतीत सरासरी दाब ९० आहे आणि हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त बाहेर टाकते. तर अवरोध १८ एकक झाला. ताणाखाली एका व्यक्तीचे हृदय ६ लिटर रक्त टाकू लागले आणि अवरोध तोच राहिला, तर दाब १०८ होईल. दुसरीचे हृदय ५ लिटरवरच राहिले, पण अवरोध २१.६ झाला, तरीही दाब १०८ च. दंडाला बांधलेल्या पट्ट्याला या दोघींत काहीच फरक दिसणार नाही. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन अँडरसन यांनी १९८९ मध्ये वांशिक फरकांविषयीच्या संशोधनाचा जो आढावा घेतला, त्याचा रोख याच भेदाकडे होता : कृष्णवर्णीय अमेरिकनांत वाहिन्या आकसण्याचा वाटा अधिक असावा, असे त्यांनी सुचवले. म्हणून दाबाच्या आकड्यात फरक न दाखवणारा निबंध फरक नसल्याचा पुरावा ठरत नाही.

मग मूळ पातळी पाहावी. एका गटाचा सिस्टोलिक (हृदय आकुंचन पावतानाचा, म्हणजे वरचा) दाब ११८ वरून १३६ वर गेला आणि दुसऱ्याचा १३० वरून १४६ वर, तर वाढ पहिल्या गटाची जास्त आहे, शिखर मात्र दुसऱ्याचे उंच आहे. लेखकाने यांपैकी कोणता आकडा निष्कर्षात घेतला, हे तक्ता उघडल्याशिवाय कळत नाही. पट्ट्याचे मापही दिलेले असावे, कारण जाड दंडाला लहान पट्टा बांधला की दाब खोटाच जास्त दिसतो. मोजण्यापूर्वी किमान पाच मिनिटे शांत बसवले होते का आणि प्रयोग घेणारी व्यक्ती कोणत्या वंशाची होती, हेही विचारावे. हा शेवटचा तपशील बहुतेक वाचक नजरेआड करतात.

ताण संपल्यावर दाब किती वेळात खाली आला, याकडे शिखराइतकेच लक्ष द्यावे. झोपेत तो सहसा दिवसाच्या तुलनेत १० टक्के किंवा अधिक उतरतो, आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांत ही उतरण सरासरीने कमी असते, असे चोवीस तासांच्या मोजणीतून वारंवार दिसले आहे. प्रयोगशाळेतल्या दहा मिनिटांपेक्षा मी या रात्रीच्या आकड्यांना अधिक वजन देईन.

सर्वांत शेवटी 'वंश' हा रकाना कशाच्या जागी उभा आहे ते तपासावे. सहभागी व्यक्तींनी स्वतः सांगितलेल्या वंशावरून गट पाडलेले असतात, आणि त्या एका शब्दात उत्पन्न, वस्ती, आहारातील मीठ, भेदभावाचा अनुभव असे बरेच काही दडलेले असते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रिचर्ड कूपर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकी मुळाच्या लोकसमूहांची तुलना केली : उच्च रक्तदाबाचे प्रमाण पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, कॅरिबियन बेटांवर २६ टक्के आणि अमेरिकेत ३३ टक्के निघाले. पूर्वजांचे मूळ सारखे असूनही पश्चिम आफ्रिकेच्या तुलनेत अमेरिकेतला आकडा दुप्पट होत असेल, तर केवळ जनुकांवर बोट ठेवणे घाईचे ठरते. साथरोगतज्ज्ञ शर्मन जेम्स यांनी १९८० च्या दशकात मांडलेली 'जॉन हेन्रीइझम' ही कल्पनाही याच दिशेची आहे. अपुऱ्या साधनांनिशी प्रतिकूल परिस्थितीशी नेटाने झुंजत राहण्याची किंमत शरीर रक्तदाबाच्या रूपाने मोजते, असे ती सांगते. त्यामुळे शिक्षण आणि उत्पन्न विचारात घेतल्यावर गटांमधील फरक किती उरला, तो तक्ता शोधावा. तो निबंधात नसेल, तर वंशाविषयी काढलेला निष्कर्ष कच्चा समजावा.

हे सारे आकडे गटांच्या सरासरीचे आहेत, आणि दोन्ही गटांतील बहुतेक व्यक्तींचे प्रतिसाद एकमेकांत मिसळलेले असतात. समोर बसलेल्या एका माणसाचा दाब ताणाखाली किती चढेल, हे त्याच्या वंशावरून सांगता येत नाही. त्यासाठी त्याच्याच दंडाला योग्य मापाचा पट्टा बांधावा लागतो.