ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बदलला, आणि मग

उद्यमनगरातून जॅक आणून दाजींनी आणि मी घरामागच्या शेडमध्ये गिअरबॉक्स बदलला. चावी फिरवली, तर 'पी'मध्ये (पार्किंग) स्टार्टर ढिम्म. सहज 'एन'मध्ये (न्यूट्रल) घेतलं, लगेच चालू! म्हणजे बॅटरी ठीक. लिव्हर 'पी' दाखवत होता, पण फक्त 'पी' आणि 'एन'मध्येच स्टार्टर फिरू देणाऱ्या, बॉक्सवरच्या स्विचला ते कळत नव्हतं. लिव्हरची केबल ॲडजस्ट केली, संपलं.

खरा घोळ पुढे. 'डी'त (ड्राइव्ह) टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद विचार करायची. पन्हाळ्याच्या चढाला तर नुसती रेस वाढायची, वेग नाही. दाजी म्हणाले, "भावा, क्लच प्लेटा गेल्यात बघ." माझं धाबं दणाणलं. मग आठवलं, गिअरबॉक्सचं ऑइल मी इंजिन बंद ठेवून मोजलं होतं. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) कोरडाच बसवलेला. इंजिन चालू झालं की तो आणि कूलरचे पाइप ऑइल ओढून घेतात, पातळी उतरते. आमच्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे सपाटीवर, इंजिन गरम आणि चालू ठेवून डिपस्टिक पाहिली. टोक जेमतेम ओलं! म्हणजे ऑइलच कमी, म्हणून गाडी ओढत नव्हती. थोडं थोडं करत दीड लिटर गेलं. जास्त झालं तर फेस होतो, म्हणून दर वेळी ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवायचा आणि पुन्हा मोजायचं.

आता पन्हाळा बिनघोर. दाजी मात्र अजून प्लेटांवरच अडून आहेत.