जागेत पैसे गुंतवताय? आधी माणसं पारखून घ्या

परक्या एजंटाला आपण दहा प्रश्न विचारतो, मेहुण्याच्या मित्राला मात्र एकही नाही. गुंतवणूक म्हणून प्लॉट किंवा फ्लॅट घेणारे बहुतेक जण फसतात ते इथेच. म्हणून माणूस ओळखीचा असो वा नसो, पारख सारखीच करायची.

१. एजंटाची नोंदणी बघा. महारेरा म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर आणि एजंटांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण. त्याच्या संकेतस्थळावर एजंटाचं नाव शोधा. प्रशिक्षण आणि परीक्षा पार केल्याशिवाय आता तिथे नोंदणी मिळत नाही. बिल्डरचा प्रकल्पही तिथेच तपासा. पण शेतजमिनीच्या व्यवहाराला ही नोंदणी लागू नाही. तिथे पुढची पायरी जास्त महत्त्वाची.

२. सातबारा स्वतः काढा, मग प्रश्न विचारा. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो. तो वाचून झाल्यावर एजंटाला सहज विचारा, "इतर हक्काच्या रकान्यात काय दिसतंय?" नेकीचा माणूस सांगेल, "विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे, शिवाय दोन बहिणींचं हक्कसोड व्हायचंय." दुसरा म्हणेल, "ते सगळं होऊन जाईल, तुम्ही टोकन द्या." जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे विक्रीवर शासनाचे निर्बंध असलेली असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय सहसा विकता येत नाही. हे त्याने आपणहून सांगितलं का, तेही बघा. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. "शेतकरी दाखला मी करून देतो" असं कुणी म्हणालं, तर चहा संपवून उठा.

३. वकील आपला आपण शोधा. एजंटाने किंवा विकणाऱ्याने सुचवलेला नको, फी वाचत असली तरी. शक्यतो त्याच तालुक्यात काम करणारा घ्या. तिथल्या भाऊबंदकीच्या जुन्या भांडणांची त्याला खबर असते. 30 वर्षांचा सर्च (म्हणजे जागेच्या जुन्या व्यवहारांच्या नोंदींचा शोध) आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस या दोन्ही गोष्टी तो करणार का, ते आधीच विचारा. जमलं तर नावं झाकून एखादा जुना सर्च रिपोर्ट दाखवायला सांगा. त्रुटी सरळ लिहिणारा वकील कामाचा.

४. जुन्या गिऱ्हाइकांशी बोला. "माणूस कसा आहे?" असं विचारलंत तर "चांगला आहे" एवढंच ऐकू येईल. त्यापेक्षा विचारा, "खरेदीखत झाल्यावर फेरफारासाठी, म्हणजे सातबारावर नाव चढवायला तो तलाठ्याकडे आला होता का? फोन उचलत होता का?"

५. भागीदारीत घेत असाल तर प्रत्येकाचं नाव आणि हिस्सा खरेदीखतातच हवा. "सध्या माझ्या नावावर घेऊ, नंतर बघू" हे सख्ख्या भावाकडूनही ऐकून घेऊ नका. त्यातून बेनामी व्यवहाराचं लचांडही मागे लागू शकतं. एखाद्याला मध्येच बाहेर पडायचं झालं तर भाव कसा ठरणार, तेही लिहून घ्या. मैत्री तुटते ती बहुधा याच मुद्द्यावर.

६. पैसे सर्वात शेवटी. विसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, थेट मालकाच्या खात्यात, चेकने किंवा बँकेतून. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत कराराआधी बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. जास्त मागणाऱ्याला कलम 13 दाखवा. "संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय" असं सांगून घाई करणाऱ्याला त्याच पार्टीला जागा द्यायला सांगा.

दलालीही आधीच ठरवा: निम्मी खरेदीखताच्या दिवशी, उरलेली सातबारावर तुमचं नाव चढल्यावर. याला सहज तयार होणारे एजंट थोडेच असतात, पण असा भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा.